मँटलच्या सहीचा चेंडू: आधी चेंडू वाचा, प्रमाणपत्र शेवटी

हा व्यवहार बहुतेक वेळा असा घडतो. एखाद्या अमेरिकी विक्रीस्थळावर मिकी मँटल या दिवंगत बेसबॉलपटूच्या सहीचा चेंडू येतो. पांढराशुभ्र चामडं, निळ्या शाईतली झोकदार सही, खाली ‘नंबर ७’, म्हणजे त्याचा जर्सी क्रमांक. किंमत बाजारभावाच्या जेमतेम निम्मी. सोबत सोनेरी किनारीचं जाड प्रमाणपत्र आणि त्यावर चमचमणारा होलोग्राम. विक्रेता लिहितो की काका वारले, घर रिकामं करतोय, मला यातलं काही कळत नाही. गिऱ्हाईक प्रमाणपत्र वाचतं, सही दोन-चार नमुन्यांशी ताडून बघतं आणि दुसऱ्या कुणी उचलायच्या आत पैसे पाठवून मोकळं होतं.

चेंडूवर कारखान्यात छापलेलं नाव कोणी वाचत नाही. ते असतं सीलिग यांचं, म्हणजे मेजर लीग या अमेरिकी बेसबॉल स्पर्धेच्या तेव्हाच्या कमिशनरचं, प्रमुखाचं. त्यांच्या सहीचा शिक्का नेहमीच्या सामन्यांच्या चेंडूंवर २००० सालापासून आला. मँटल १३ ऑगस्ट १९९५ला वारला.

इतकी ढोबळ चूक खपते, कारण विक्रेता गिऱ्हाइकाला उलट्या क्रमाने बघायला लावतो. आधी कागद, मग सही, आणि चेंडू जमलं तर. जाणकाराचा क्रम याच्या नेमका उलटा असतो. आधी चेंडू, मग लेखणी, मग सही. कागद सगळ्यात शेवटी.

चेंडू वाचायला शिकणं अवघड नाही, एक संध्याकाळ पुरते. मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. १९९९पर्यंत त्यांचे चेंडू वेगळे असत आणि त्यावर त्या-त्या लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. अमेरिकन लीगमध्ये १९३१ ते १९५९ हॅरिज, मग १९७३पर्यंत क्रोनिन, १९७४ ते १९८३ मॅकफेल, १९८४ ते १९९४ बॉबी ब्राउन, शेवटी बडिग. नॅशनल लीगमध्ये १९३४ ते १९५१ फ्रिक, १९६९पर्यंत जाइल्स, १९७० ते १९८६ फीनी, मग जिआमाटी, व्हाइट आणि कोलमन. २०००पासून दोन्ही लीगना एकच चेंडू. त्यावर आधी सीलिग आणि २०१५पासून मॅनफ्रेड. ही यादी मोबाइलमध्ये ठेवली आणि शेजारी खेळाडूंच्या मृत्यूच्या तारखा लिहिल्या की अर्धा बाजार तिथंच गळतो. बेब रूथ १६ ऑगस्ट १९४८ला गेला, म्हणजे जाइल्सच्या चेंडूवर त्याची सही असणं शक्य नाही. रॉबर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. रॉलिंग्ज कंपनीने दोन्ही लीगचे अधिकृत चेंडू बनवायला सुरुवात केली १९७७मध्ये. त्यामुळे रॉलिंग्जच्या नॅशनल लीग चेंडूवर क्लेमेंटेची सही दिसली की पुढचं काही बघायचं कारण उरत नाही. टाक्यांचा रंगही बोलतो. दोन्ही लीगमध्ये लाल दोरा सर्रास झाला तो १९३४पासून. त्याआधी अमेरिकन लीगच्या चेंडूवर लाल-निळे टाके असत. विसाच्या दशकातला अमेरिकन लीगचा अधिकृत चेंडू म्हणून निव्वळ लाल टाक्यांचा नग पुढे केला, तर पाणी कुठे मुरतंय ते कळतं.

पण ही चाळणी फक्त आळशी ठगांना अडवते. ज्याला धंदा कळतो, तो मँटलसाठी बॉबी ब्राउनचाच चेंडू वापरतो. जुन्या, कोऱ्या, सही नसलेल्या चेंडूंना चांगला भाव येतो, आणि ते सगळेच काही कपाटात मांडायला घेतले जात नाहीत. म्हणून चेंडूचं साल जुळलं म्हणजे सही खरी, असा अर्थ काढू नये. चेंडू खेळाडूच्या मृत्यूनंतरचा असेल तर मात्र सही नक्की खोटी.

आता लेखणी. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ऑक्टोबर १९४५मध्ये. लू गेरिग २ जून १९४१ला वारला. त्याची बॉलपेनने केलेली सही विकणारे आजही सापडतात, यावर काय बोलावं! शार्पी मार्कर १९६४चा. चेंडूवर मार्कर वापरला की काही वर्षांत शाई फुटून अक्षरांच्या कडा जांभळट होतात, म्हणून जाणते लोक चेंडूसाठी खेळाडूच्या हातात निळं बॉलपेनच देतात. बॉलपेनची खूण चामड्यात उमटते. जवाहिऱ्याचं दहापट भिंग लावलं आणि दिवा बाजूने तिरपा धरला की रेघेचा खळगा दिसतो, त्यात शाईच्या बारीक धारा दिसतात. खळगा नाही, शाई सगळीकडे सारखी सपाट आहे किंवा भिंगाखाली ठिपके दिसतायत, तर ती छापलेली सही आहे. स्टेडियमच्या दुकानात असे छापील सह्यांचे चेंडू आठवण म्हणून उघडपणे मिळतात. तेच वीस वर्षांनी ‘सगळ्या संघाच्या सह्या’ म्हणून पुन्हा बाजारात येतात.

सर्वात जास्त चुका जुनं दिसणाऱ्या चेंडूत होतात. चहाच्या किंवा कॉफीच्या पाण्यात बुडवून चेंडू पिवळट करतात, कधी वरून लाखेचा हात फिरवतात. नैसर्गिकरीत्या जुना झालेला चेंडू सगळीकडे सारखा पिकत नाही. ज्या बाजूला उजेड लागला ती वेगळी, जी खाली टेकलेली होती ती वेगळी. चहातला चेंडू एकसारखा तांबूस होतो, आणि पाणी टाक्यांच्या भोकांत शिरल्यामुळे शिवणीच्या कडेने गडद वर्तुळं राहतात. नाक जवळ नेलं तर कधी वासही येतो. मग सहीकडे बघावं. चामडं म्हातारं आणि शाई ताजी, हे एकत्र नांदत नाही. भिंगाखाली चामड्याच्या बारीक भेगा शोधाव्यात. सही आधीची असेल तर भेग शाईच्या रेघेला तोडून जाते. सही नंतरची असेल तर शाई भेगेत उतरून दोन्ही बाजूंना फुटलेली दिसते. ही एक खूण ओळखता आली तरी पुष्कळ पैसे वाचतात. सही कागदावर असेल तर नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली धरावी. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. तीसच्या दशकातला म्हणून दिलेला कागद निळसर चमकला तर पाकीट बंद करावं.

सही तपासताना आकाराआधी वेग बघायचा. हजारो वेळा सही केलेला माणूस पेन हवेत असतानाच हात सुरू करतो. रेघ बारीक सुरू होते, मध्ये जाड होते, शेवटी निमुळती निसटते. गिरवलेल्या सहीची सुरुवात आणि शेवट बोथट असतात, वळणावर हात थरथरतो, आणि खेळाडू जिथे पेन उचलत नाही तिथे उचललेलं दिसतं. नमुना निवडतानाही साल बघावं. मँटलची पन्नाशीच्या दशकातली सही शाळकरी वळणाची होती. मोठे गोलाकार, एकमेकांसारखे दोन एम पुढच्या काळातले. नव्या वळणाची सही १९५२ची म्हणून कोणी देत असेल तर तिथेच थांबावं.

संघाच्या चेंडूची गंमत वेगळी. त्यावर पंचवीसेक सह्या असतात आणि स्वीट स्पॉटवर, म्हणजे दोन शिवणींमधल्या सगळ्यात अरुंद जागी, मॅनेजरची सही असते. असा चेंडू हातोहात फिरतो, त्यामुळे कोणाची सही तिरकी, कोणाची उलटी, एखाद्याची दुसऱ्याच्या अंगावर चढलेली. सगळ्या सह्या एकाच दाबाच्या, शिस्तीत अंतर ठेवून बसलेल्या असतील तर लिहिणारा हात एकच होता. नंतर प्रत्येक नाव त्या वर्षीच्या संघाच्या यादीशी जुळवायचं. हंगामाच्या मधेच दुसऱ्या संघात गेलेला एखादा खेळाडूच बनाव उघडा पाडतो. आणि हेही खरं की थेट संघाच्या ड्रेसिंग रूममधून आलेल्या चेंडूवरसुद्धा बड्या खेळाडूची सही तिथे कामाला असलेल्या पोराने केलेली असू शकते. त्यात चेंडू देणाऱ्याचा दोष नसतो, पण किंमत मात्र त्या पोराच्या अक्षराचीच.

आता कागद. नव्वदच्या दशकात टोनी ग्विन या खेळाडूला आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकल्या जाताना दिसल्या आणि त्याने एफबीआयला मदत केली. तो तपास ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबर १९९९मध्ये पाच राज्यांत एकाच वेळी छापे पडले. त्या टोळीत सह्या करणारे होते, माल विकणारे होते आणि सह्यांसोबत जाणारी प्रमाणपत्रंही तिथेच तयार होत. हाती लागलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल होता! कोलकात्यात आयुष्य घालवलेल्या बाईंना बेसबॉलवर सही मागायला कोण गेलं असेल, हा प्रश्न घेणाऱ्याला पडायला हवा होता. पण सोबत प्रमाणपत्र असलं की असे प्रश्न पडत नाहीत.

त्यानंतर, २००१पासून, मेजर लीगने स्वतःची नोंद पद्धत आणली. त्यांचा माणूस समोर उभा राहून सही बघतो आणि वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतो. तो क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. पीएसए, जेएसए, बेकेट या तपासणी संस्थांच्या क्रमांकांचंही तसंच. इथेही चोरावर मोर आहेतच. खऱ्या वस्तूचा क्रमांक उचलून तोच दहा नकली चेंडूंवर चिकटवतात. म्हणून ‘क्रमांक सापडला’ एवढ्यावर हुरळून न जाता नोंदीतलं वर्णन वाचावं. नोंद सही केलेल्या फोटोची आणि हातात चेंडू, असं पुष्कळदा निघतं. नोंदीत चित्र असेल तर टाके मोजून बघावं की सही शिवणीपासून त्याच जागी आहे का. दोन चेंडूंवर सही अगदी एकाच टाक्यापाशी सुरू होत नाही. विक्रेत्याच्या स्वतःच्याच दुकानाने दिलेलं प्रमाणपत्र आणि ‘खेळाडू सही करतानाचा फोटो’ यांना शून्य किंमत. त्या फोटोवरून खेळाडूला सही करता येते एवढंच कळतं.

पैसे देताना पेपालवर ‘मित्र आणि कुटुंब’ हा पर्याय कोणी सुचवला तर व्यवहार सोडावा. त्यात खरेदीदाराला संरक्षण नाही. वस्तूखरेदी म्हणून दिलेल्या पैशांवर १८० दिवसांत तक्रार करता येते. ईबेवर मुदत पार्सल पोचल्यापासून साधारण ३० दिवसांची. आपल्याकडचे लोक नेमके इथे अडकतात. टपालखर्च आणि कस्टम वाचवायला चेंडू अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवायचा आणि तो दिवाळीला येताना घेऊन येईल म्हणून वाट बघायची. मावसभाऊ येतो, पाकीट उघडतं, आणि मुदत संपून चार महिने झालेले असतात. मागवायचाच असेल तर पार्सल आलं त्याच दिवशी त्याला ते उघडायला लावावं, चारी बाजूंचे आणि छापलेल्या नावाचे फोटो मागवावेत.

खोटं निघालं तर विक्रेत्याशी फोनवर वाद घालू नये. सगळं बोलणं त्या स्थळाच्या संदेशांमध्येच लेखी ठेवावं, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, तपासणी संस्थेकडून नकाराचा लेखी शेरा घ्यावा. पार्सल अमेरिकी टपालाने आलं असेल तर तिथल्या टपाल निरीक्षकांकडे आणि एफबीआयच्या ऑनलाइन तक्रार केंद्रात तक्रार करता येते. परतीचं पार्सल करण्याआधी चेंडूच्या शिवणीचे, डागांचे, प्रत्येक ओरखड्याचे जवळून फोटो काढून संग्राहकांच्या गटात टाकावेत. परत गेलेला चेंडू बहुधा महिन्याभरात दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला येतो. काका दुसरे असतात, चहाचा डाग तोच असतो.