भिंत, कपाट की पडदा? टाकाऊ वस्तूंतून सामूहिक कलाकृती करण्याआधी

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द हस्तकलेच्या तासापासून आपल्या तोंडात बसलेत. त्यामुळे मोडक्यातोडक्या वस्तूंपासून सगळ्यांनी मिळून काही करायचं ठरलं, की ते कायमचं टिकायलाच हवं असं आपण धरूनच चालतो आणि थेट भिंतीकडे वळतो. खरं तर भिंत हा तीनांपैकी एक मार्ग आहे, आणि नवख्या गटासाठी सगळ्यांत अवघड.

तरी आधी भिंतीबद्दलच बोलू, कारण मोह तिचाच पडतो. फुटक्या बशा, टाइल्सचे तुकडे, बांगड्यांच्या काचा जोडून चित्र उभं करायचं. गवंडी ज्याला चायना मोझॅक म्हणतात, तेच पण नक्षीदार. नाव निघतं ते चंदीगडच्या रॉक गार्डनचं, टाकाऊ वस्तूंतून उभ्या राहिलेल्या बागेचं. पण नेक चंद यांनी ती बाग १९५७च्या सुमारास एकट्याने, सरकारी जमिनीवर, लपूनछपून सुरू केली होती. १९७६मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि मग कुठे त्यांच्या हाताखाली मजूर आले. लॉस एंजेलिसमधले वॉट्स टॉवर्स हे टाकाऊ तुकड्यांनी मढवलेले मनोरेही सायमन रोडिया या एका माणसाने १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षं खपून उभारले. म्हणजे ज्या कामांकडे बोट दाखवून आपण ‘आपणही असं करू’ म्हणतो, ती मुळात सामूहिक नव्हतीच. एका हट्टी माणसाच्या डोक्यातलं चित्र होतं ते. तुमच्या गटात असा माणूस आहे का, आणि असला तर तो बाकीच्यांना बशी लावू देईल का, हे आधी बघा.

गटाला जमेल अशी पद्धत आहे. चित्राचे हातभर तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा टेबलावर फायबरच्या जाळीवर चिकटवायचा, वाळल्यावर जाळीसकट टाइल्सच्या अ‍ॅडहेसिव्हने भिंतीवर बसवायचा आणि शेवटी फटी ग्राउटने भरायच्या. टेबलावर लहान मुलं, वयस्क, सगळेच बसू शकतात. शिडीवर मोजकेच चढतात. बशा गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. उघड्यावरच्या भिंतीत आरसा लावू नका, दमट हवेत त्याचा मागचा लेप काळा पडतो. लोखंडी खिळे-चाव्या गंजून फुगतात आणि ग्राउटवर तांबूस ओघळ सोडतात. चकाकीचा लेप नसलेले मातीच्या भांड्यांचे तुकडे पाणी पितात. थोडक्यात, ‘काहीही आणा’ असं भिंतीसाठी म्हणता येत नाही, आणि नेमकं तेच म्हटलं जातं.

शिवाय जागेची मालकी आणि मजबुती. वॉट्स टॉवर्स धोकादायक म्हणून पाडायला निघाले होते. १९५९मध्ये त्यांना ओढून ताण देण्याची चाचणी झाली, मनोरे हलले नाहीत, म्हणून वाचले. तुमच्या भिंतीवर ती वेळ येणार नाही, पण पाच वर्षांनी निखळलेला तुकडा कोण बसवणार, याचं उत्तर आजच हवं.

कपाट याच्या अगदी उलट. इथे वस्तू फोडायची नाही, ती जशी आहे तशी मांडायची. १९९९मध्ये मार्क डायन या कलावंताने लंडनमध्ये स्वयंसेवकांना घेऊन थेम्सच्या ओहोटीच्या काठावर उतरून मिळेल ते उचललं: काच, हाडं, मातीच्या नळ्या, प्लास्टिक. सगळं धुऊन, वर्गवारी करून मोठ्या लाकडी कपाटात मांडलं. कालचं झाकण आणि शतकांपूर्वीचं खापर एकाच मानाने. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये २०१०पासून असलेलं तुटलेल्या नात्यांचं संग्रहालय दुसऱ्या टोकाचं: तिथे वस्तू अगदी साध्या, पण प्रत्येकीसोबत देणाऱ्याने निनावी लिहिलेली हकीकत. वस्तू निमित्त, मजकूर खरा.

कपाटाला कौशल्य कमी लागतं, ऐकून घेणारे कान जास्त. मेहनत जाते ती नोंदी ठेवण्यात: कुणी काय दिलं, परत हवंय का, नाव छापायचं का. हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलं नाही, तर शेवटी कुणाच्या तरी आजीचा अडकित्ता हरवतो आणि कला बाजूला राहून भांडण उरतं.

तिसरा मार्ग पडद्याचा, म्हणजे एकाच जातीच्या ढीगभर वस्तू जोडून काही दिवसांपुरतं काही करायचं. नायजेरियातल्या एनसुका इथे अनेक वर्षं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची धातूची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने जोडतात. असंख्य हात लागतात, आणि तयार पट कसा टांगायचा हे ते बरेचदा टांगणाऱ्यांवर सोडतात. ब्राझीलचे कलावंत विक मुनीझ यांनी रिओजवळच्या कचराभूमीवर कचरा वेचणाऱ्या माणसांसोबत, कचऱ्यातूनच, स्टुडिओच्या जमिनीवर त्या माणसांचीच प्रचंड चित्रं रचली. उंचावरून फोटो काढले, रचना मोडली. टिकला तो फोटो.

पडद्यात चूक उसवता येते, ही फार मोठी सोय. पण तेच ते काम करून लोक कंटाळतात, आणि प्लास्टिकची झाकणं उन्हात ठिसूळ होतात, म्हणून तो आडोशाला टांगा आणि उतरवायची तारीख आधी ठरवा.

जागा स्वतःची, वेळ वर्षभराचा आणि हाताशी एक गवंडी असेल तर भिंत जरूर करा. माणसं एकमेकांना फारशी ओळखत नसतील तर कपाट. ओळख वस्तूंवरून होते. मुलं भरपूर आणि तारीख जवळ आली असेल तर पडदा. माझा कल विचाराल तर पहिल्या वेळी कपाट, कारण फसलं तरी वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत जातात.

तरीही ठरत नसेल तर एक दिवस सतरंजी पसरा, प्रत्येकाला दोन वस्तू आणायला सांगा आणि गप्प बसून पाहा. लोक वस्तू हातात घेऊन ‘ही ना, आमच्या...’ असं बोलायला लागले तर कपाट. निळं निळ्याशेजारी सरकवायला लागले तर भिंत. आणि सगळ्यांनीच झाकणं आणली असतील, तर तारेचं भेंडोळं आणायला कुणाला तरी पाठवा.