दार्जिलिंगची जॉय राइड : दीडपट पैसे मोजायचे ते कशासाठी?

दार्जिलिंगच्या छोट्या डोंगरी रेल्वेची दार्जिलिंग–घूम–दार्जिलिंग ही जॉय राइड दोन प्रकारांत मिळते, डिझेल इंजिनाची आणि वाफेच्या इंजिनाची. रूळ तेच, थांबे तेच, वेळही तोच, जाऊन-येऊन साधारण दोन तास. वाफेच्या गाडीचं तिकीट मात्र डिझेलच्या जवळजवळ दीडपट, माणशी दीड हजाराच्या घरात. चौघांचं कुटुंब असेल तर फरक दोन हजारांच्या आसपास जातो. कांचनजंगा दोन्ही गाड्यांतून सारखीच दिसते, किंवा सारखीच दिसत नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? जाहिरात म्हणते, वारशाचे. युनेस्कोने १९९९ मध्ये या रेल्वेला जागतिक वारसा यादीत घेतलं आणि तेव्हापासून तो शब्द सगळीकडे चिकटवलेला आहे. पण हा मान आख्ख्या रेल्वेचा आहे, डिझेलची गाडीसुद्धा १८८१ पासूनच्या त्याच दोन फुटी रुळांवरून जाते. जास्तीचे पैसे पडतात ते इंजिनावरच्या माणसांच्या कामाचे. हे काम उघड्यावर, हाताच्या अंतरावर चालतं. ते कुठे उभं राहून बघायचं हे ठाऊक असेल तर तिकीट स्वस्त आहे, नसेल तर चांगलंच महाग.

वाफेचं इंजिन 'बी क्लास' या जातीचं. १८८९ पासून १९२० च्या दशकापर्यंत ही इंजिनं बनत राहिली. बहुतेक ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट आणि नॉर्थ ब्रिटिश या कंपन्यांची, तीन अमेरिकेतल्या बाल्डविनची, थोडी याच मार्गावरच्या तिनधरियाच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उभी केलेली. चारच चाकं, चारही ओढणारी, व्यास फक्त २६ इंच. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, त्यामुळे पाण्याचं वजनही चाकांवरच येतं. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेरीला चार धापा. चाकाचा घेर दोन मीटरच्या किंचित वर, म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या चालीला सेकंदाला पाचेक धापा पडतात. गाडी सायकलपेक्षा हळू चाललेली असते आणि इंजिन मात्र जीव तोडून पळत असल्यासारखं ऐकू येतं. या रेल्वेचा सगळ्यात मोठा 'शो' हाच, आणि तो कोणी बसवलेला नाही. लहान चाकांमुळे आपोआप होतो.

सुरुवात गाडीच्या तासभर आधी करा. दार्जिलिंगची लोको शेड स्टेशनला लागूनच आहे आणि बरंचसं काम रस्त्याच्या कडेने दिसतं. आत शिरायची गरज नाही, शिरूही नये. राखेची पेटी मोकळी केली जाते. भट्टीच्या जाळीवर जमलेला खंगर लांब सळईने फोडून काढतात. कोळशात राख जास्त असली की ती वितळून जाळीवर चिकटते, खालून हवा येत नाही, आणि मग अर्ध्या चढात वाफेचा दाब उतरतो. वाटेत गाडी कारण नसताना थांबल्यासारखी वाटली तर बऱ्याचदा हेच घडलेलं असतं, ड्रायव्हर दाब पुन्हा चढण्याची वाट बघत असतो. थंड बॉयलर पेटवून दाब धरायला काही तास जातात. म्हणून ऐनवेळी एक इंजिन बसलं तर दुसरं वाफेचं इंजिन लगेच जोडता येत नाही. हा व्यवस्थेचा ढिसाळपणा नाही, यंत्राची जातच तशी आहे.

सुटताना सिलिंडरच्या खालून दोन्हीकडे वाफेचे लोट निघतात आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं किंचाळून मागे सरकतात. हे नाटक नव्हे. उभ्या इंजिनाच्या थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, ते तसंच राहिलं तर पिस्टनच्या रेट्याने सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या सिलिंडरखालचे कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्या, उघडे ठेवतात. चार-सहा फेऱ्यांनंतर ते बंद व्हायला हवेत. पन्नास मीटर गेल्यावरही लोट चालूच असतील तर समजावं, कॅमेऱ्यांसाठी चाललंय.

काळ्या धुराचंही तेच. प्रत्येक पोस्टरवर काळाकुट्ट धूर असतो, कारण फोटोत तो जोरदार दिसतो. प्रत्यक्षात काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टीत एकदम जास्त टाकला, हवा कमी पडली, की धुराड्यातून पैसे उडतात. नेहमीच्या चढाला चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा पसरून टाकतो. धूर क्षणभर गडद होतो आणि पुन्हा फिका पडतो. पांढरं दिसतं ती वाफ, आणि ती हवेच्या थंडीवर ठरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पांढरे ढग भरगच्च. फोटो हवे असतील तर महिना निवडा, धुराची फर्माईश करू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह फडाफडा उडत असलेलं इंजिन लोकांना 'पॉवरफुल' वाटतं. जाणकाराला त्यात वाया चाललेलं पाणी आणि कोळसा दिसतो.

दार्जिलिंग स्टेशन २,०७६ मीटरवर, घूम २,२५८ मीटरवर. घूम हे भारतातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. सातेक किलोमीटरमध्ये १८० मीटर चढायचं, म्हणजे सरासरी चाळिसाच्या आत एक. बोरघाटाचा चढ ३७ ला एक आहे आणि तिथे कर्जतहून मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लावल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत, एवढं लक्षात घेतलं की या चार चाकांची किंमत कळते. रूळ हिल कार्ट रोडला खेटून जातात, कधी डावीकडून, कधी रस्ता ओलांडून उजवीकडे. दुकानांचे पडदे खिडकीला घासतात की काय असं वाटतं. शिट्टी सतत वाजते तीही हौस म्हणून नाही, पुढे जीप उभी असते म्हणून.

आता ज्यासाठी पैसे दिले ते. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि फायरमन. केबिनच्या पुढे, कोळशाच्या कप्प्यावर एक माणूस बसलेला, तो मोठी ढेकळं फोडून मुठीएवढे तुकडे मागे सरकवतो. भट्टी लहान आहे, मोठा दगड नीट जळत नाही. आणि सगळ्यात पुढे, बफरच्या फळीवर, रुळांपासून हातभर उंचीवर दोघं, एकेका रुळाला एकेक. धुक्याने रूळ ओला झाला की चाकं जागच्या जागी फिरतात, धापा अचानक एकमेकींत मिसळून घरघर होते. ड्रायव्हर तत्काळ वाफेचा रेग्युलेटर मिटतो आणि पुढचे दोघं मुठीतून वाळूची धार सोडतात, बोटांच्या फटीतून, अगदी रांगोळी घालतात तशी. वाळू कोरडीच लागते, ओली झाली की गोळा होऊन पडते आणि रुळावर टिकत नाही. जास्त पडली तरी पंचाईत, मागच्या डब्यांची चाकं तीच वाळू दळत येतात आणि ओझं वाढतं. एका छोट्या इंजिनावर पाच माणसं. हिशेबाच्या दृष्टीने वेडेपणा, पण पडदा न लावता चालणारं असं दुसरं रंगमंचामागचं काम भारतीय रेल्वेत शोधूनही सापडणार नाही.

खरी अडचण ही की हे सगळं डब्यातून दिसत नाही. खिडकीतून दिसतो रस्ता आणि पुढच्याचा मोबाइल. म्हणून बतासिया लूप महत्त्वाचा. चढ सौम्य व्हावा म्हणून १९१९ मध्ये रुळांचा हा वेढा घातला. मध्ये बाग आणि १९९५ मध्ये उभारलेलं गोरखा सैनिकांचं स्मारक. गाडी दहा मिनिटं थांबते. बहुतेक प्रवासी भाड्याचे चहामळ्याचे पोशाख घालून फोटो काढण्यात ती घालवतात. तुम्ही सरळ इंजिनाकडे जा. पहिली पाच मिनिटं वाळूवाल्यांच्या बाजूला, रुळांपासून चांगलं दूर उभं राहून. कोळसा कसा सरकतो, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर फायरमनची नजर कशी सारखी जाते, ते बघा. मग स्मारकाला नमस्कार करून दोन मिनिटं आधी डब्यात. कारण खरी गंमत पुढे आहे: वळणावर, चढावर, उभ्या गाडीला पुन्हा हलवणं. इथेच चाकं घसरण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पहिल्या डब्यात असाल तर खिडकी उघडून नुसते कान द्या. डोकं बाहेर काढू नका. कोळशाचा कण डोळ्यात गेला की चोळायचा नाही, पाण्याने धुवायचा. साधा चष्मा असला तरी बराच बचाव होतो, आणि पांढरा कुर्ता त्या दिवशी हॉटेलवरच राहू द्या.

प्रचाराची फसगतही याच लूपमध्ये. पोस्टरवर निळं इंजिन, फुलांचा वेढा आणि मागे ८,५८६ मीटरची कांचनजंगा असते. असं दृश्य खरंच दिसतं, पण मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर आणि तेही सकाळी. दुपारच्या फेरीला ढग हे गृहीतच धरा. दुसरी गोष्ट, या रेल्वेचे प्रसिद्ध झेड-रिव्हर्स, जिथे गाडी मागे-पुढे करत डोंगर चढते, आणि तिनधरियाजवळचं अ‍ॅगनी पॉइंटचं अतिशय आवळ वळण हे जॉय राइडमध्ये येतच नाहीत. ते खालच्या टप्प्यात आहेत. त्यासाठी न्यू जलपाईगुडीहून निघणारी आख्खी दिवसभराची गाडी पकडावी लागते, आणि ती डिझेलची असते. जाहिरातीतले फोटो ही दोन्ही गाड्यांची खिचडी आहे.

अमेरिकेत या बाबतीत जास्त सरळ व्यवहार आहे. तिथे हौशी लोकांच्या खास गाड्यांत 'फोटो रनबाय' हा उघड ठरलेला भाग असतो: प्रवासी उतरून एका रांगेत उभे राहतात, गाडी मागे जाते आणि धूर ओकत दणक्यात समोरून निघून जाते. नाटकच, पण नाटक म्हणून विकलेलं. युनियन पॅसिफिकने २०१९ मध्ये दुरुस्त करून काढलेलं ४०१४ क्रमांकाचं 'बिग बॉय' कुठे पोचलंय हे लोकांना नकाशावर बघता येतं. तिकीट नसलेलेही शेताच्या बांधावर येऊन उभे राहतात, आणि कंपनीची जाहिरात फुकटात होते. उलट टोक गुजरातेत. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेल्या एकतानगर–अहमदाबाद हेरिटेज गाडीचं इंजिन दिसायला वाफेचं आणि चालायला विजेचं. मुलांना आवडेल, पण त्यात न कोळसा फोडणारा, न वाळूवाला. मुखवटा चांगला, माणूस नाही.

आपल्याकडे माथेरानला खऱ्या वाफेच्या गाडीचा प्रयोग करून बघितला होता, तोही दार्जिलिंगच्याच इंजिनावर. बी क्लासचं ७९४ हे इंजिन मार्च २००१ मध्ये नेरळला आणलं गेलं आणि मे २००२ मध्ये तिथे वाफेची जॉय ट्रेन म्हणून धावू लागलं. याच सुमारास दार्जिलिंगला ७८७ क्रमांकाचं इंजिन तेलावर चालवून पाहिलं, तो बेत टिकला नाही. इंजिन एकटं हलवता येतं. ते सांभाळणारी शेड, फिटर आणि फायरमनांच्या पिढ्या गोणीत भरून आणता येत नाहीत. दार्जिलिंगच्या तिकिटात याही माणसांचा पगार आहे हे दर बघून नाक मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

घूमला वीस ते तीस मिनिटं मिळतात, आणि इथे निवड करावी लागते. स्टेशनच्या इमारतीत संग्रहालय आहे, आवारात 'बेबी सिवोक' हे चिमुकलं जुनं इंजिन ठेवलंय. त्याच वेळी आपलं इंजिन डबे सोडून, सांधा बदलून, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं. शंटिंग आधी बघा. संग्रहालय घाईत बघितलं तरी चालतं, आणि बेबी सिवोक कुठे पळून जात नाही.

परतीचा प्रवास पैशाच्या मानाने फिका आहे. उतार असल्यामुळे रेग्युलेटर बहुतेक बंद, धापा नाहीत, ब्रेकचा कर्कश आवाज तेवढा. खरं तर सांगण्यासारखं सगळं सांगायला हीच वेळ उत्तम. इंजिनाचं नाव, क्रमांक, बांधणीचं साल, आज किती कोळसा लागला, वाळू कोणी टाकली: एवढं एका पानावर छापून प्रत्येकाच्या हातात दिलं तर दीडपट तिकिटाची तक्रार निम्म्याने कमी होईल. 'आयर्न शेर्पा', 'हिमालयन बर्ड' अशी झकास नावं इंजिनांना दिली आहेत. नाव ठेवून थांबायचं कशाला?

कोणी घ्यावं? यंत्रात रस असलेल्यांनी, सात-आठ वर्षांपुढच्या मुलांनी, आणि ज्यांनी लहानपणी वाफेची गाडी पाहिली त्या आजी-आजोबांनी आवर्जून. फक्त डोंगर बघायचा असेल तर बतासियाला जीपने जा आणि गाडी बाहेरून बघा, ती बाहेरूनच जास्त देखणी आहे. तान्ह्या मुलांना शिट्टी आणि धूर सोसत नाही, त्यांच्यासाठी डिझेलच बरी.

बुकिंग आयआरसीटीसीवर होतं. 'कुठून'मध्ये डीजे (DJ) आणि 'कुठे'मध्ये डीजेआरझेड (DJRZ) हे स्टेशनचे कोड टाका, नाहीतर दार्जिलिंग ते दार्जिलिंग अशी गाडी सापडतच नाही. दिवसात फेऱ्या बऱ्याच असतात आणि नावं सारखीच दिसतात, म्हणून पैसे भरण्याआधी गाडी वाफेची आहे ना, हे दोनदा वाचा. सकाळची पहिली वाफेची फेरी मिळाली तर तीच घ्या: रूळ दवाने ओले असतात.