एआय असिस्टंटकडून डाळ मिलचा रिपोर्ट : तीन महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, हे कोणी पैसे देऊन लिहून घेतलेलं नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण असे तीन-चार एआय असिस्टंट बाजारात आहेत, सगळ्यांचा महिन्याचा भाव दोन हजाराच्या आसपास आणि सगळ्यांच्या खोडीही सारख्याच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला, घरची तूर, सोयाबीन, कपाशी, आणि त्यासोबत आमच्या शेतकरी कंपनीची लिखापढी माझ्या गळ्यात, कारण काय तर "तू बीकॉम हायेस नं बे". बाकीचे डायरेक्टर सह्या करायला येतात अन् चहा पिऊन जातात.

तर मिनी डाळ मिल टाकायचं ठरलं. बँकेनं डीपीआर मागितला, म्हणजे मशीन केवढ्याची, माल कुठून येणार, विकणार कुठं, पाच वर्षांचा नफा-तोटा, हप्ता कसा फिटणार, सगळं बाड. एका जणानं बनवून द्यायचे २५ हजार सांगितले आणि नमुना म्हणून जो रिपोर्ट दाखवला त्यात आधीच्या गिऱ्हाईकाचा पापड उद्योग दोन ठिकाणी तसाच राहून गेला होता. मी म्हटलं जाऊ द्या.

मग पुतण्या म्हणाला काका, एआयले सांगा नं, फुकटात होते. फुकटात होत नाही हे पुढं कळलं. तालुक्याच्या गावात एक कॉम्प्युटर क्लासवाला पोट्टा आहे, तो "एआय रिसर्च असिस्टंट सेटअप" करून देतो, ३ हजार घेतो, वरून महिन्याचं सबस्क्रिप्शन आपलं आपण भरायचं. दसऱ्याच्या आधी गेलो. त्यानं अर्ध्या तासात काम उरकलं. सेटअप म्हणजे काय तर एक ओळ लिहिली, "तू अनुभवी बिझनेस सल्लागार आहेस, डाळ मिलचा सविस्तर रिपोर्ट बनव", अन् ते नेटवर खोल शोध घेणारं बटण दाबून दिलं. वीस मिनिटं चक्र फिरत राहिलं आणि ३८ पानं बाहेर आली. रंगीत तक्ते, गोल-गोल ग्राफ, खाली कुठल्या कुठल्या साइटच्या लिंका. खरं सांगतो, छाती फुगली माझी. २५ हजार वाचले म्हणून येताना सगळ्यांसाठी समोसे घेतले.

रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसलो. वाहतुकीच्या पानावर लिहिलं होतं की दारव्ह्याला रेल्वे स्टेशन असल्यामुळे तयार माल मूर्तिजापूरमार्गे रेल्वेनं पाठवता येईल. आता आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल की ती शकुंतला, नॅरोगेज गाडी, बंद होऊन वर्षं झाली, रुळावर बोरी-बाभळी वाढल्या. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे म्हणा, पण त्यावरून काही आमची डाळ आज जात नाही. याला कुठंतरी जुनं टाइमटेबल सापडलं असेल आणि बसवली बिचारी डाळ गाडीत.

तुरीचा हमीभाव दिला होता ७,०००. तो २०२३-२४ चा, नंतर ७,५५० झाला आणि २०२५-२६ साठी ८,००० जाहीर झालेला आहे. भाव कमी धरला म्हणजे कच्चा माल स्वस्त दिसणार आणि नफा फुगणार. मिल वर्षाला ३०० दिवस फुल चालणार असं धरलेलं. जून ते सप्टेंबर झडीत तूर कुठं वाळवणार हा प्रश्न त्याला पडलाच नाही, अन् लाईन कधी जाते कधी येते हे तर त्याच्या बापालाही माहीत नसणार.

पण खरी मजा काकाजींनी आणली. आमच्या गावात एक काकाजी आहेत, अकोल्याच्या डाळ मिलमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना सहज विचारलं की शंभर किलो तुरीतून ८५ किलो डाळ, बरोबर ना? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"पंच्याऐंशी? काहून, टरफलाचीबी डाळ करून राह्यला काय तुहा कॉम्प्युटर?"

७० ते ७२ म्हणाले, तेही माल चांगला वाळला असला तर. बाकी चुनी, भुसा, तूट. नंतर शोधलं तर घोटाळा सापडला, टरफलाचं वजन सोडून उरलेला सगळा दाणा डाळ म्हणून धरला होता त्यानं, म्हणजे कागदावरचा आदर्श आकडा. शंभर क्विंटल तुरीमागं तेरा ते पंधरा क्विंटल डाळ जी जन्मालाच येत नाही, ती पाच वर्षांच्या नफ्यात मोजलेली. हा रिपोर्ट बँकेत गेला असता तर एक तर साहेबानं तोंडावर फेकला असता नाही तर, त्याहून वाईट, मंजूर केला असता.

आणि एक गोष्ट, ती तर लय डोक्यात गेली. क्लासवाल्यानं अकाउंट स्वतःच्या ईमेलवर काढलं होतं, आणि आमच्या सभासदांची यादी, सातबारे, आधारचे स्कॅन सगळं त्यातच चढवलेलं. म्हणजे आमच्या तीनशे लोकांचे कागद त्याच्या मोबाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी जाऊन समोर बसून डिलीट करून घेतलं. कोणाकडून सेटअप करून घेत असाल तर अकाउंट आपल्याच ईमेलचं पाहिजे आणि सेटिंगमध्ये "माझा डेटा ट्रेनिंगसाठी वापरा" असं जे चालू असते ते बंद करायचं, आणि आधार-बिधार तर चढवूच नका, रिपोर्टला ते लागतच नाही.

मग मी स्वतः बसलो. दोन रात्री गेल्या, बायको म्हणे सवत आणली काय घरात. बरेच असिस्टंट आता "प्रोजेक्ट" किंवा तशाच नावाचा एक कप्पा देतात, त्यात आपले कागद टाकायचे आणि कायमच्या सूचना लिहून ठेवायच्या, मग प्रत्येक वेळी नव्यानं रामायण सांगावं लागत नाही. मी टाकलं काय? मशीनवाल्याची कोटेशनं, पणन मंडळाच्या साइटवरून काढलेले तीन वर्षांचे तुरीचे भाव, पीएमएफएमई योजनेची (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना अनुदान देणारी केंद्राची योजना) मार्गदर्शिका, आमच्या कंपनीचे ऑडिट, आणि काकाजींचं बोलणं. हो, काकाजींचं. त्यांना मोबाइल समोर ठेवून तासभर बोलतं केलं, तुरीला तेल कसं चोळतात, ढीग किती वेळ ठेवतात, पाणी कधी मारतात, वाळवायला किती उन्हं लागतात, बाया किती लागतात, ते सगळं. त्याचं टाइप करून घेतलं एआयकडूनच. चांगलं केलं त्यानं, फक्त "फटका डाळ" जिथं आली तिथं इंग्रजीत "डॅमेज्ड पल्सेस" लिहून मोकळा. फटका म्हणजे आपल्याकडची वरच्या नंबरची डाळ हो, सगळ्यात महाग विकते ती, आणि हा तिला मार लागलेली समजला.

कागद चढवताना एक अडचण येते ती कोणी सांगत नाही. बाजार समितीचे, जुन्या सरकारी पत्रांचे पीडीएफ कृतीदेव नाही तर श्रीलिपी फॉन्टमध्ये असतात. डोळ्याला मराठी दिसते, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. एआयनं ती खिचडी वाचली आणि कळत नाही म्हणायच्या ऐवजी मनानंच आवकेचे आकडे देऊन टाकले! मला कळलं कसं, तर रविवारची आवक दाखवली, अन् रविवारी आमचा बाजारच बंद असतो. त्यावर उपाय म्हणजे त्या पानांचे फोटो काढून चढवायचे नाही तर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचे. फोटोतले आकडे मग बरेच बरोबर आले, तरी ३ चा ८ एकदोनदा झालाच.

सूचना मी साध्या मराठीत लिहिल्या. प्रत्येक आकड्यापुढं कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून घेतला ते लिही. कागदात नसेल तर "कागदात नाही" असं लिही, मनानं भरू नको. भाव सर्वसाधारण दराच्या रकान्यातूनच घे, कमाल दर घेऊ नको (पहिल्यांदा तेच केलं होतं पठ्ठ्यानं, एखाद्या दिवशी दोन पोत्यांना मिळालेला सगळ्यात वरचा भाव धरून वर्षाचं उत्पन्न). गणित वाक्यात करू नको, एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकून दे. ही शेवटची सूचना सोन्यासारखी आहे. वाक्यात केलेली बेरीज चुकली तर दिसत नाही, एक्सेलमध्ये मी डाळीचा उतारा ७१ चा ६९ केला की खालचा नफा माझ्या डोळ्यासमोर उतरतो.

एवढं केल्यावर मात्र गडी कामाचा निघाला, खोटं कशाला बोलू. नेटवर मोकळा सोडला तेव्हा उधळलेल्या गोऱ्ह्यासारखा होता, घरच्या कागदांच्या दावणीला बांधला तर मुनिमासारखा बसला. योजनेच्या बाबतीत आधी त्यानं ३५ टक्के अनुदान पहिल्याच दिवशी हातात आलं असं धरून कर्जच कमी करून टाकलं होतं. मार्गदर्शिका वाचायला लावली तर स्वतःच दुरुस्त केलं, की हे कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे, बँकेत वेगळ्या खात्यात राहते आणि खातं चांगलं राहिलं, युनिट चालू राहिलं तर तीन वर्षांनी जमा होते. एकट्याच्या उद्योगाला १० लाखांची मर्यादा आहे, ती आमच्यासारख्या गटाला तशीच लावायची नाही, हेही त्यानं वेगळं काढून दाखवलं. जीएसटीचंही बरोबर पकडलं, सुट्टी डाळ वेगळी आणि २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं पाकीट वेगळं, त्याला १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. आमचा विचार एक-एक किलोची पाकिटं करायचा होता, मी हे धरलंच नव्हतं.

आणि जोखीम या पानावर त्यानं एक मुद्दा टाकला जो आमच्या एकाही मीटिंगमध्ये कोणी काढला नव्हता, की बाहेरून येणाऱ्या तुरीची आयात २०२१ पासून मोकळी केलेली होती आणि ती सवलत तेव्हा ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवलेली होती, मोझांबिक, म्यानमारची तूर बंदरात उतरली की इकडं डाळीचा भाव दबतो. हे एकच वाक्य ऐकून आमचे अध्यक्ष, जे एरवी मोबाइलवर रिल पाहत असतात, ते म्हणाले थांब, हे पुन्हा वाच.

भाषेचं मात्र बोंबच आहे. इंग्रजी चांगली लिहितो, बँकेला चालली. मराठी म्हणजे "भागधारकांच्या सक्षमीकरणासाठी शाश्वत मूल्यसाखळी" असली, वाचताना जांभया. वऱ्हाडीत सांग म्हटलं तर कोल्हापूरच्या पैलवानासारखा बोलायला लागला. सभासदांच्या सभेत मी कागद बाजूला ठेवून तोंडीच सांगितलं. शिवाय मराठीत जास्त काम केलं की त्याची लिमिट लवकर संपते असा माझा अनुभव, ऐन कामात "चार तासांनी या" म्हणतो, आणि इथं तोवर लाईन जाते.

खर्च धरला तर क्लासवाल्याचे ३ हजार पाण्यात, तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन साधारण ६ हजार, काकाजींना एक धोतरजोडी. बॅलन्सशीटचा भाग शेवटी सीएनंच तपासून सही केली, त्यानं त्याची फी घेतली, ती कुठं चुकत नाही. एआयनं दोन ठिकाणी घसारा चुकीचा काढला होता ते सीएनं दुरुस्त केलं. कंपनीची लिखापढी ज्याला आधीपासून जमते त्याला हे घ्या म्हणेन, ज्याला बँकेचा हप्ता आणि व्याज यातला फरक समजावून घ्यायचा आहे त्यानं सध्या राहू द्या, कारण चूक कुठं आहे हे तुमच्याच डोक्यात वाजलं पाहिजे, तो तर त्याच ठसक्यात बरोबरही सांगतो आणि चूकही. पाचपैकी साडेतीन स्टार. क्लासवाल्याच्या सेटअपला अर्धा, तोही चहा पाजला म्हणून.

फाइल मागच्या आठवड्यात बँकेत दिली. साहेबानं पानं चाळली आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं, वर्षाला फक्त १६० दिवस मिल चालणार असं का धरलं, बाकीचे तर ३०० लिहून आणतात. मी म्हटलं साहेब, पान ११ पाहा. तिथं काकाजींचं वाळवणीचं गणित होतं. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, पेन्सिलनं बरोबरची खूण केली. सबस्क्रिप्शन सध्या बंद केलंय, जानेवारीत तूर निघाली आणि भाव फुटले की एका महिन्यापुरतं पुन्हा भरीन.