घर आमचं, अलार्म आमचा, कोड मात्र बसवणाऱ्याचा: नवं पॅनल आठ महिने वापरल्यावर

कोल्हापुरातल्या साने गुरुजी वसाहतीतल्या आमच्या घरात चोर-अलार्म बसवून साडेतीन वर्षं झाली. त्यातली पावणेतीन वर्षं तो नुसता भिंतीवर होता, त्याचा मालक दुसराच होता. हे आम्हाला कळलं ते एका पालीमुळं.

ऐन पावसाळ्यात रात्री दोनला सायरन बोंबलला. बघते तर हॉलमधल्या मोशन सेन्सरच्या भिंगावर पाल. हा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. लांबच्या पालीचं त्याला काही नसतं, पण भिंगावरच चढली की त्याच्या लेखी माणूस आला. आठवड्यात तीनदा हेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "चोर परवडंल, पर ह्यो भोंगा नगं."

उपाय तसा सोपा होता. आम्ही घरात झोपलेलो असताना हॉलचा झोन, म्हणजे त्या सेन्सरची लाईन, आपोआप बाद होईल असं सेटिंग करायचं, फक्त दारं-खिडक्या चालू ठेवायच्या. पण माझ्याकडचा मास्टर कोड टाकला की अलार्म चालू-बंद करता येतो, घरच्यांचे कोड बदलता येतात, एखादा झोन तात्पुरता बायपास करता येतो, बस्स. झोनचा प्रकार, दार उघडल्यावर कोड टाकायला मिळणारे सेकंद, अलार्म वाजल्यावर फोन कुणाला जायचा, हे सगळं इन्स्टॉलर कोडमागं, म्हणजे बसवणाऱ्याच्या कोडमागं. आणि इन्स्टॉलर? फोन बंद, दुकानाच्या जागी मोबाईल कव्हरचं दुकान. मग रोज रात्री दात घासल्यावर झोन बायपास करणं हे माझं काम झालं.

खरा राग आला तो जोतिबाच्या यात्रेदिवशी. आम्ही सगळे डोंगरावर. शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुमचं वाजतंय की गं कवापासनं!" मागच्या खिडकीची कडी नीट लागली नव्हती, वाऱ्यानं उघडली. चोरी नाही, काही नाही. पण अलार्मचा फोन मला नंतर आला, काकूंचा आधी. कारण यादीत पहिला नंबर बसवणाऱ्याचा होता. आमच्या घरात चोर शिरला तर पहिली खबर एका बंद नंबरला जाणार होती!

मग उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला बोलावलं. त्यानं आधी कंपनीचे कारखान्यातून येणारे कोड टाकून बघितले. तीन-चार चुकल्यावर कीपॅडच काही मिनिटं ठप्प. मग पॅनलची, म्हणजे अलार्मच्या मेंदूची, पेटी उघडून ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी काढली, दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा लावला आणि करंट परत दिला. या पद्धतीनं सगळी सेटिंग पुसून पॅनल कोरं होतं म्हणे. पण आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टक-टक-टक असा भराभर दहा वेळा वाजला. तो हसला. "वैनी, लॉक मारून गेलाय ह्यो. त्याच्या कोडाबिगर ह्ये कोरं हुईत न्हाई."

हे लॉक कंपनीनंच दिलेली सोय आहे. पॅनल भाड्यानं देऊन दरमहा देखरेखीचे पैसे घ्यायचे असतील तर ते समजू शकते. मी सगळे पैसे रोख मोजले होते. कुलूप विकून किल्ली खिशात ठेवायची, याला आमच्याकडं धंदा म्हणत नाहीत.

शेवटी पॅनलचा बोर्ड आणि कीपॅड बदलले. एका कंपनीचं कीपॅड दुसरीच्या पॅनलला चालत नाही, म्हणून तेही गेलं. पण दारांचे चुंबकी सेन्सर, मोशन सेन्सर, वायरिंग, सायरन सगळं जुनंच चाललं, कारण वायरवाले सेन्सर म्हणजे शेवटी साधे स्विच. खर्च साडेनऊ हजार. "सगळं नवं घ्यावं लागेल" असं सांगणारेही दोघं भेटले होते, त्यांना नमस्कार.

पेटी उघडल्यावर आणखी एक गंमत दिसली. प्रत्येक झोनचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा बारका भाग, सेन्सरच्या टोकाला बसवायचा असतो, म्हणजे मध्येच कुणी वायर शॉर्ट केली तर पॅनलला कळतं. आमच्या पठ्ठ्यानं सगळे रेझिस्टर पेटीतच पिळून ठेवले होते. दिसायला जोडणी पूर्ण, राखण शून्य. नव्या पॅनलला वेगळ्या किमतीचे रेझिस्टर लागतात, त्या निमित्तानं सगळे टोकाला गेले. कामाला दीड दिवस लागला, पण मला सगळ्यात जास्त समाधान याचंच.

आता आठ महिन्यांचा हिशोब. खोटा अलार्म एकदाच, तोही माझ्या चुकीनं. मोशन सेन्सरच्या मागचं वायरचं भोक सिलिकॉननं बुजवलं, रात्री तो झोन आपोआप बाद होतो. पाल खुशाल फिरू दे. 12 व्होल्ट 7 एएचची नवी बॅटरी आमच्याकडच्या लाईट जाण्याला पुरून उरते. तक्रार डायलरच्या, म्हणजे अलार्म वाजला की फोन लावणाऱ्या भागाच्या, सिमची: तो 2जीवर चालतो, जिओला 2जी नाही, त्यामुळं त्याचं सिम उपयोगाचं नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा रिचार्ज मी एकदा विसरलेच. तेवढे दिवस अलार्म मुका होता आणि मला पत्ता नव्हता. आता कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी ती तारीख लिहिते. गच्चीचं लाकडी दार पावसात फुगलं, तेव्हा चुंबक सरकवून बसवावं लागलं.

इन्स्टॉलर कोड या वेळी पैसे देण्याआधी मागून घेतला, बसवणाऱ्यासमोर टाकून बघितला आणि बदललाही. चिठ्ठी विम्याच्या कागदांत आहे.

गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा एकटीनं वापरला. सासूबाईंचा गुडघा दुखतो. दार उघडून कीपॅडपर्यंत पोचायला 30 सेकंद पुरत नव्हते, रोज धावपळ. पुस्तिका मांडीवर घेऊन 30 चे 45 केले. आता त्या कुलूप काढतात, चपला काढतात, पाय पुसतात, सावकाश कोड दाबतात, आणि तरी दोन-चार सेकंद उरतात.