मुंबई–न्यूयॉर्क: थेट जावं की आखातात उतरून?

ताई न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. त्यामुळे आई-बाबांचं तिकीट काढायचं काम दर दोन वर्षांनी माझ्याकडे येतं, आणि आमच्या मुलुंडच्या घरात तोच वाद. बाबांना थेट विमान हवं. आई म्हणते, सोळा तास एका खुर्चीत बसले की माझे गुडघे धरतात.

अंतरावरून हा वाद सुटत नाही. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हवाई अंतर साधारण 12,550 किमी. दुबईमार्गे 1,930 आणि पुढे 11,000, म्हणजे जेमतेम 400 किमी जास्त. लंडनमार्गे तर फरक 200च्याच आसपास. शिवाय विमान दरवेळी सर्वांत जवळच्या वाटेनं जातं असंही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या कंपन्यांना वळसे पडले. दिल्लीकरांना जास्त, आपल्याला थोडे कमी.

खरा फरक वेळेचा. थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. दुबईमार्गे तीन अधिक चौदा, वर मधला मुक्काम, म्हणजे वीस तास धरा. लंडनमार्गे उड्डाणं जवळपास सारखी विभागली जातात, दहा आणि आठ. पाय मोकळे करायला हे बरं, पण एकूण वेळ एकवीसच्या पुढे.

मुक्काम मात्र दोन तासांचा घेऊ नका. एकदा तो मोह मला झाला. आई विमानाच्या दारातच व्हीलचेअरची वाट बघत बसली, चाळीस मिनिटं. बाबा हातातल्या कागदावर गेट नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते. विमान मिळालं, पण शेवटचे दोन प्रवासी हेच. तेव्हापासून किमान साडेतीन तास, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर.

आखातातच उतरायचं तर अबू धाबी बघा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. जर्सीकरांनी नेवार्कचं, म्हणजे न्यू जर्सीतल्याच विमानतळाचं, तिकीटही तपासावं. जेएफकेला उतरलात तर घ्यायला येणाऱ्याला शहराचे पूल-बोगदे ओलांडून यावं लागतं.

आता एक गोष्ट, जी मला तिसऱ्या खेपेला सुचली. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, येताना पाठीशी. म्हणून परतीचं थेट उड्डाण तास-दीड तासाने कमी असतं. मग लांबचा टप्पा तोडावा आणि आखूड टप्पा सलग करावा: जाताना अबू धाबी, येताना थेट. तशीही परतताना माणसं दमलेली असतात, त्यात मध्येच विमान बदलणं नको वाटतं.

दोन कंपन्यांची वेगवेगळी एकेरी तिकिटं बहुधा महाग पडतात, तेवढं बघून घ्या. आईला हा बेत पटलाय. बाबा अजून जाताना थेट मिळतं का ते शोधताहेत.