देवगडच्या खाऱ्या हवेत डिव्हएमएमसी

अण्णांनी १९८७ साली पुण्याहून आणलेला स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर आमच्याकडे अजून चालतो. मूळ यंत्र सिंक्लेअरचं, पण पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन काढलेलं, म्हणून नावाआधी 'डीबी'. यंत्र टिकलं, पण त्यात प्रोग्रॅम ज्यांवरून चढवायचे त्या कॅसेटी टिकल्या नाहीत. देवगडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. मग पाच मिनिटं तो कर्कश आवाज ऐकायचा, पडद्याच्या कडेचे निळे-पिवळे पट्टे बघत बसायचं, आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर'. म्हणून गेल्या दिवाळीत परदेशातल्या एका हौशी कारागिराकडून डिव्हएमएमसी मागवलं; टेपऐवजी एसडी कार्डावरून प्रोग्रॅम चढवणारं हे जोडयंत्र. कस्टम धरून सात हजारांच्या आत पडलं. आंब्याचा मोसम संपत आलाय, तोवर ते रोज वापरून झालंय.

तळहाताएवढा सर्किट बोर्ड आहे. तो स्पेक्ट्रमच्या मागच्या एज कनेक्टरवर, म्हणजे जोडणीच्या धातूच्या पट्ट्यांवर, बसतो आणि त्यात एसडी कार्ड जातं. कार्डावर टॅप फायली, म्हणजे टेपच्या डिजिटल नकला, टाकायच्या, बोर्डावरचं एनएमआय बटण दाबलं की यादी येते, हवी ती निवडायची. पाच मिनिटांचं काम काही सेकंदांत होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मशीन बंद करून पुन्हा लावून बघितलं.

सुरुवातीचे दोन दिवस मात्र वाया गेले. कार्ड हाताळणारी प्रणाली म्हणजे ईएसएक्सडॉस. बोर्डावरच्या चिपमधलं ईएसएक्सडॉस आणि कार्डावरच्या सिस फोल्डरमधलं ईएसएक्सडॉस एकाच आवृत्तीचं लागतं. माझ्याकडे आलेलं कार्ड वेगळ्या आवृत्तीचं होतं आणि सोबत कागदाचा कपटाही नव्हता. विकणाऱ्याने दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खरी काळजी घ्यायची ती एज कनेक्टरची. आमच्याकडे त्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने तीनदा पुसल्यावर बोर्ड नीट ओळखला गेला. मशीन चालू असताना बोर्ड हलवू नका, काढू तर मुळीच नका. आतल्या खालच्या १६ के रॅमच्या जुन्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात; क्षणभर शॉर्ट झालं तरी त्या जातात, आणि तशा चिपा आता शोधत फिरावं लागतं. बोर्ड उघडाच येतो, त्याला डबी नाही. आमच्या हवेला हे चालणार नाही. मी वापर झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवते.

टेपवरून चढण्याची स्वतःची वेगळी पद्धत (लोडर) असलेले काही गेम टॅप फाइलवरून चढत नाहीत. त्यांच्यासाठी स्नॅपशॉट फाइल, म्हणजे चालू गेमच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल, वापरावी लागते. मला त्याचं फार वाटलं नाही, कारण मी हे गेमसाठी घेतलंच नव्हतं.

१९८९ मध्ये, नववीत असताना, मी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आंब्याच्या पेट्यांच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आली की अण्णा टेपरेकॉर्डर जोडायला लावायचे. त्या प्रोग्रॅमची कॅसेट एका बाजूने बरी निघाली. लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड केला, त्याची टॅप फाइल केली आणि कार्डावर टाकली. पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न आला, 'पेटी किती?'

भावाने या मोसमातली पट्टी आणून दिली, चाळीस पेट्यांची. पुतण्याने आकडे भरले. भाडं आणि अडत टक्क्यांत विचारून घेतली जाते, तिथवर बरोबर जुळलं. हमाली मात्र चुकली, कारण साठाव्या ओळीत मी ती पेटीला आठ आणे अशी कायमची लिहून ठेवली होती. पुतण्याने ओळ बदलली आणि सेव्ह या आज्ञेपुढे तारा (*) देऊन दुसऱ्या नावाने कार्डावर ठेवली. आठ आण्यांची मूळ प्रत तिच्या शेजारीच आहे.