जुन्या केबिन क्रूझरची डिझेल इंजिनं : काही महिने वापरल्यानंतर

बोट १९७०च्या दशकातली आहे. खाली शेजारी शेजारी दोन फोर्ड लेहमन १२० डिझेल इंजिनं. सहा सिलिंडर, साधारण ६.२ लिटर, टर्बो नाही, कुठलाही कॉम्प्युटर नाही. इंग्लंडमधल्या फोर्डचं ट्रकसाठीचं इंजिन घेऊन अमेरिकेतल्या लेहमन कंपनीने ते समुद्रात चालेल असं केलं. महिनोन्‌महिने चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: क्रँक, पिस्टन, व्हॉल्व्ह हे इंजिनाचं पोट कुरकुरत नाही. कुरकुर असते ती भोवतीच्या गोष्टींची. डिझेल येण्याची वाट, पाणी फिरण्याची वाट आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या केबल. या तिन्हींचं वय झालेलं असतं आणि त्यांच्याकडे कुणी फारसं बघितलेलं नसतं. त्यामुळे इंजिन नीट चालत नसेल तर हेड उघडायची भाषा सगळ्यात शेवटी करावी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला डाव्या इंजिनाने. सुरू एकदम झकास व्हायचं, धूर नाही, आवाज छान. १८०० आरपीएमवर अर्धा-पाऊण तास चाललं की हळूहळू आरपीएम पडायला लागायचे. थ्रॉटल मागे घेतला की सावरायचं. बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा नव्यासारखं. फिल्टर बदलला, काही फरक नाही. टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप तपासला, तोही ठीक.

आता डिझेल कमी पडतंय हे उघड होतं, पण कशामुळे? एक तर ओढण्याच्या बाजूने हवा शिरतेय, नाहीतर कुठेतरी तुंबलंय. टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतची नळी ओढली जाणारी असते, दाबाखाली नसते. म्हणून तिथे फट असली तरी थेंब बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. नुसतं डोळ्यांनी बघून ती सापडत नाही. लिफ्ट पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा लावला. बुडबुडे अजिबात नाहीत. मग पहिल्या फिल्टरच्या पुढे व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ किती आहे ते दाखवणारं मीटर, बसवला. सुरुवातीला काटा शून्याजवळ, मग जसजसं इंजिन लोडवर चालेल तसतसा वर, आणि दहा इंचांच्या (पाऱ्याच्या इंचांत) आसपास गेल्यावर आरपीएम पडले. फिल्टर कोरा होता, म्हणजे अडथळा त्याच्याही अलीकडे, टाकीकडे. खात्रीसाठी त्याच इंजिनाला वेगळ्या कॅनमधून डिझेल दिलं. एकदाही अडखळलं नाही.

टाकीतली उचल नळी बाहेर काढली तेव्हा सगळा उलगडा झाला. नळीच्या टोकाला बारीक जाळी होती आणि तिच्यावर काळा, बुळबुळीत थर. टाकीच्या तळाशी पाणी साठलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी-जिवाणू वाढतात, हा त्यांचाच गाळ. इंजिन ओढत असताना तो जाळीला चिकटायचा आणि इंजिन बंद झालं की सुटून खाली बसायचा. म्हणूनच थोड्या विश्रांतीनंतर सगळं ठीक वाटायचं. जाळी काढून टाकली, कारण तिचं काम बाहेरचा फिल्टर जास्त चांगलं करतो आणि तो हाताशी असतो. टाकी झाकण उघडून आतून साफ केली. तेव्हापासून व्हॅक्यूम गेज कायमचा तिथेच आहे, आणि फिल्टर कधी बदलायचा हे मी आता कॅलेंडरवर नाही, त्या काट्यावर ठरवतो. जुन्या बोटीसाठी एकच गोष्ट घ्यायची असेल तर हा गेज घ्या.

फिल्टर बदलल्यावर हवा काढणं आलंच. लिफ्ट पंपाचा हाताचा दांडा मारून आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग इंजेक्शन पंपावरचा, या क्रमाने. दांडा ढिला लागला आणि काहीच येत नसेल तर पंप बिघडला असं लगेच धरून चालू नका. आतला कॅम वर थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांड्यात जोर येतो. इंजेक्टरच्या नळ्यांमध्ये मात्र प्रचंड दाब असतो. इंजिन चालू असताना गळती शोधायला तिथे हाताचं बोट नेऊ नका. ती धार कातडीतून आत शिरते आणि जखम दिसते त्याहून कितीतरी वाईट असते.

या इंजिनाची एक खास सवय सांगायलाच हवी. त्याच्या सिम्स इंजेक्शन पंपात स्वतःचं वेगळं ऑइल असतं, इंजिनाच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. डिझेल थोडं थोडं त्यात झिरपतं आणि ऑइल पातळ होतं. दर ५० तासांनी ते बदलायचं असतं. काम अगदी किरकोळ आहे, पण जुने मालक बहुतेक हेच विसरलेले असतात. बोट विकत घ्यायला गेलात तर या पंपाचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हा प्रश्न जरूर विचारा. उत्तरावरून बाकीच्या देखभालीचा अंदाज येतो.

पाण्याच्या बाजूला इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक), स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) आणि इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या कांड्या. झिंक अर्धं झिजलं की बदलायचं. इंपेलरची पाती तुटलेली निघाली तर प्रत्येक तुकडा मोजून शोधा, कारण न सापडलेला तुकडा हीट एक्सचेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाऊन बसतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन गरम होत राहतं. ऑइल कूलर मात्र मी काहीही बिघाड नसताना बदलले. आतली नळी खाऱ्या पाण्याने कुजून फुटली की चालत्या इंजिनात ऑइलचा दाब जास्त असल्याने ऑइल एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर समुद्रात जातं, आणि इंजिन बंद झाल्यावर खारं पाणी ऑइलमध्ये येऊ शकतं. एका कूलरपायी पूर्ण इंजिन जाऊ शकतं. इथे वाट बघण्यात अर्थ नाही.

धुराबद्दल थोडक्यात. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, आणि त्याचं कारण पुष्कळदा बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चढलेले शिंपले. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंड इंजिनाचा असेल तर काळजी नाही, पण गरम झाल्यावरही जात नसेल तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारं पाणी, असा शोध घ्यावा लागतो.

दोन सारखी इंजिनं असण्याचा खरा फायदा मला तपासणीत मिळाला. उजवं इंजिन स्टार्टला जड फिरायचं. डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबून तापवायची तर स्टार्टर जोरात फिरलाच पाहिजे. बॅटरी चांगली होती. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पोस्टवर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर ठेवून स्टार्ट मारला, मग तेच डाव्या इंजिनावर. केबलमध्ये वाया जाणारे व्होल्ट असे कळतात: डाव्याला अर्ध्या व्होल्टच्याही आत, उजव्याला दीडच्या जवळ. बॅटरी स्विचच्या मागे एक जोड हिरवा पडलेला होता. घासून घट्ट केला, झालं. तापमानाचंही तसंच. इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्हींच्या त्याच त्याच जागा मोजून वहीत लिहितो. एकाचा आकडा सरकला की दुसरं इंजिन साक्षीला असतं.

आणि हे लक्षात असू द्या: स्टार्ट होत नसलेलं इंजिन बराच वेळ फिरवायचं असेल तर आधी सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करा. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, मफलर भरतो आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये येतं. इंजिन सुरू झालं की ताबडतोब उघडा.

तक्रार आहे ती जागेची. दोन इंजिनांच्या मधली बाजू सोपी, पण बाहेरच्या बाजूला हुलला (बोटीच्या सांगाड्याला) अंग घासत जावं लागतं. काही नट दिसत नाहीत, फक्त बोटांना लागतात. ज्यांना स्वतः खाली उतरून काम करायचं नाही त्यांनी ही बोट घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्यांना करायचं आहे त्यांना मात्र इतकं मोकळं आणि समजणारं इंजिन क्वचित मिळेल.

अजून राहिलंय ते उजव्या शाफ्टचं कंपन. इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचं रबर ऑइलने फुगलंय, ते बदलणार आहे. त्यानंतर शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन फ्लँजमधली (गोल तबकड्यांमधली) फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंना मोजावी लागेल. फ्लँजच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. बोट बाहेर ठोकळ्यांवर असताना हुलचा आकार थोडा बदलतो, म्हणून ते माप बोट पाण्यात उतरवून दोन दिवस तरंगू दिल्यावरच घेणार.